मरून कुठल्या उजेडातला?

"ताई, तुमच्या फोटोमुळं माल परत आलाय. लॅपटॉप घेऊन या." युनिफॉर्मवाले शेठ फोनवर एवढंच बोलले. सोलापुरात मे महिन्यात दुपारी तीनला कुणी कुणाला बोलावत नाही. पारा ४३ वर असतो आणि निम्मी नवी पेठ शटर ओढून झोपलेली असते. बोलावणं आलं म्हणजे प्रकरण पैशाचं होतं.

मी फ्रीलान्स फॅशन फोटोग्राफर आहे आणि सोलापुरात राहून हे काम करते. हे ऐकून पुण्या-मुंबईचे लोक हसू दाबतात. सोलापूरचे विचारतात, "म्हणजे प्री-वेडिंग का?" जगाला आमचं गाव चादरीमुळं माहीत असलं तरी माझ्या घराचा हप्ता शाळेच्या युनिफॉर्मवर जातो. इथं शिवलेले शर्ट-पँट, स्कर्ट, पिनाफोर (शर्टावर घालायचा बिनबाह्यांचा फ्रॉक) महाराष्ट्रात तर जातातच, शिवाय कर्नाटक, तेलंगणाकडंही जातात. शाळा जूनला भरणार म्हणून माल मेपर्यंत पोचायला हवा. त्यासाठी ऑर्डर फेब्रुवारी-मार्चमध्ये लागते आणि त्याआधी कॅटलॉग तयार असावा लागतो. म्हणून माझा खरा हंगाम डिसेंबर-जानेवारी. त्यातही गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचे दिवस वजा करायचे. माझा असिस्टंट मिरवणुकीत सिद्धेश्वराच्या मानाच्या काठ्यांबरोबर चालतो. त्या दिवसांत त्याला लाइट स्टँड धरायला सांगणं म्हणजे वेडेपणा. बाराबंदी, म्हणजे बंदांचा पांढरा सदरा, घालून उन्हात उभी असलेली ती हजारो पांढरी माणसं बघितली की मला मात्र एक्स्पोजरच सुचतं. पांढऱ्यातला पोत जाऊ न देता पांढरं पांढरंच ठेवणं काय असतं, ते त्या मिरवणुकीत शिकावं.

युनिफॉर्मच्या शूटमध्ये काय फॅशन, असं वाटत असेल तर एकदा येऊन बघा. पोरं सात-आठ वर्षांची, त्यांच्या आया पडद्यामागं बिस्किटाचा पुडा घेऊन बसलेल्या. समोरून कडक दिसणारा शर्ट मागून चिमट्यांनी आवळलेला असतो. पिनाफोरच्या चुण्या स्टीमरनं बसवायच्या आणि पोरगी खाली बसायच्या आत फोटो घ्यायचा. खिसा कोरा ठेवायचा, कारण तिथं शाळेचा बिल्ला येणार. चेहरा हसरा पाहिजे, पण फार सुंदर नको. "पोरगी जास्त गोड दिसली की लोक कापड बघत नाहीत," हे शेठचं मत. माणूस मूर्ख नाही.

सगळ्यात छळतात त्या बारीक चौकड्या. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर ठिपक्यांची एक जाळी असते आणि कापडाच्या विणीची दुसरी. दोन्ही जवळपास एका मापाच्या झाल्या की फोटोत कापडावर इंद्रधनुषी लाटा उठतात. यालाच मॉयरे म्हणतात. संगणकावर ते पुसता येतं, पण पुसताना चौकडीचा रंगही धुऊन निघतो आणि आकाशी रेघ राखाडी होते. म्हणून मी ते तिथल्या तिथंच मोडते. हातभर मागं सरकते, पोराला किंचित वळवते, कधी लेन्सचं छिद्र एफ १६ पर्यंत बारीक करते म्हणजे तपशील केसभर मऊ होतो. मग शंभर टक्के मोठं करून बघायचं. हे करताना पोरगं कंटाळतं, आई कंटाळते आणि शेठचा माणूस दारातून विचारतो, "अजून एकच शर्ट का?"

शिवाय प्रत्येक कपड्याची पहिली फ्रेम पोराच्या हातात ग्रे कार्ड (रंग ताडायचं करडं कार्ड) आणि चोवीस चौकोनांचं कलर चार्ट देऊन. फ्लॅश साधारण ५५०० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, खिडक्या बंद, भिंती पांढऱ्या, म्हणजे दुसरा कुठला रंग कापडावर उडायला नको. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ, न बदललेली फाइल, जपून ठेवते. मरून म्हणजे मरूनच दिसला पाहिजे, यात माझा जीव अडकलेला असतो. हे काम कुणाला दिसत नाही आणि त्याबद्दल कुणी वाहवाही करत नाही.

तर त्या दुपारी शेठच्या ऑफिसात चार माणसं होती. शेठ, बाहेरगावच्या पार्टीचा, म्हणजे माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचा माणूस, शिलाईचं काम घेणाऱ्या अक्का आणि कोपऱ्यात एक वयस्क रंगारी मास्तर. सोलापूरच्या पूर्व भागातले, तेलुगू बोलणारे, आयुष्य डाइंगमध्ये गेलेलं. माझ्यामागून असिस्टंट आत आला तेव्हा पार्टीचा माणूस उठून त्याच्याशी हात मिळवायला गेला. "फोटोग्राफर म्याडम आहेत," असं शेठ म्हणाले, आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर सगळा उलगडा झाल्यासारखा भाव आला. बाईनं फोटो काढलेत, मग रंग चुकणारच.

तक्रार सरळ होती. शाळेनं कॅटलॉग बघून मरून पिनाफोर मागवला आणि आलं ते वांगी. पालक चिडले, मुख्याध्यापकांनी गठ्ठे परत पाठवले. टेबलावर कॅटलॉग उघडा, शेजारी परत आलेला पिनाफोर. फरक खरंच होता. छापलेला मरून तांबूस, कापड निळसर.

मी म्हटलं, "ज्या पिनाफोरचा फोटो काढलाय तो सँपल आणा." तो सँपल रूममधून आला. शेठनी दोन्ही पिनाफोर ट्यूबलाइटखाली शेजारी ठेवले आणि आमची सगळ्यांची बोलती बंद झाली. दोन्ही एकसारखे! कॉलरला कॉलर लावली तरी फरक दिसेना.

पार्टीचा माणूस खुर्चीत मागं रेलला. "म्हणजे माल बरोबर आहे. फोटोच चुकलाय."

मी लॅपटॉप उघडला, कार्डाची फ्रेम दाखवली, करडा चौकोन लाल, हिरवा, निळा या तिन्ही आकड्यांत समान असल्याचं दाखवलं. कुणाला काही कळलं नाही, आणि मला ते अपेक्षित होतं. आकड्यानं भांडण मिटतं असं फक्त इंजिनिअरांना वाटतं. असिस्टंट माझ्या कानाशी पुटपुटला, "काय करलालाय बे हा माणूस, फोनवर झूम करून बघलालाय." खरंच तो माणूस कॅटलॉगचा फोटो मोबाइलवर मोठा करून माझ्या लॅपटॉपशी ताडून बघत होता. त्याच्या फोनवर डोळ्यांना आराम देणारा पिवळा पडदा चालू होता. रात्री झोप यावी म्हणून लावतात तो. त्यात मरून विटेसारखा दिसत होता. मी तो बंद करायला लावला. "हे असं कधीपासून आहे?" म्हटल्यावर तो म्हणाला, "घेतल्यापासून." शाळेला फोटो त्यानंच व्हॉट्सअ‍ॅपवर, स्क्रीनशॉट काढून पाठवले होते.

एवढा वेळ मास्तर गप्प होते. ते उठले, दोन्ही पिनाफोर काखेत मारले आणि म्हणाले, "अक्का, वर चला."

गच्ची तापलेली. पत्र्याच्या सावलीबाहेर कठड्यावर त्यांनी दोन्ही कापडं पसरली. उन्हात जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. खाली जुळी वाटणारी दोन कापडं इथं एकमेकांची कुणीच लागत नव्हती. सँपल तांबडट मरून, माझ्या फोटोतला. दुसरं जांभळ्याकडं झुकलेलं, चक्क वांगी. मास्तरांनी दोन्हींची कडा बोटांत धरून ताणली, नखानं धागा उचलला आणि म्हणाले, "रेसिपी वेगळी. ट्यूबखाली मॅच केलंय."

हे पॉली-विस्कोसचं कापड. त्यात पॉलिस्टरला एका जातीचा रंग लागतो आणि विस्कोसला दुसऱ्या. दोन्ही मिळून एक छटा धरायची असते. पहिल्या लॉटला वापरलेला एखादा रंग मिळाला नाही किंवा महाग झाला की दुसरे रंग एकत्र करून तीच छटा साधतात, आणि ती साधतेही, पण ज्या उजेडात जुळवली त्याच उजेडात. उजेड बदलला की दोन्ही आपापल्या वाटेनं जातात. रंगशास्त्रात याला मेटामेरिझम म्हणतात. यासाठी मोठ्या प्रोसेस हाउसमध्ये लाइट बॉक्स असतो. एकाच पेटीत दिवसाचा उजेड, दुकानातली ट्यूब, पिवळा बल्ब आणि अतिनील दिवा, बटण दाबून बदलायचे. छटा या सगळ्यांखाली टिकली तरच पास करायची. परत आलेलं कापड कुठं रंगलं ते मी लिहीत नाही. तिथं रंग जुळवायची खोली बिनखिडकीची आहे, एवढं मास्तरांनी सांगितलं. "रात्रपाळीत काय बघणार," असंही म्हणाले. त्या आवाजात राग नव्हता. स्वतः अशा खोलीत बरीच वर्षं काढलेल्या माणसाचा तो आवाज होता.

मला वाटलं, झालं. फोटो निर्दोष सुटला. खाली गेल्यावर पार्टीचा माणूस म्हणाला, "पण शाळेतली पोरं काय गच्चीवर बसतात का? फोटो ट्यूबखालीच काढायचा ना." यावर काय बोलणार! तरी सांगून पाहिलं, की ट्यूबखाली काढला असता तर शाळेच्या प्रार्थनेला, उघड्या मैदानात, याच पोरी वांगी दिसल्या असत्या आणि ओरड तीच झाली असती. शेठ मान डोलावत होते, पण त्यांचं लक्ष कॅल्क्युलेटरवर होतं.

तोड निघाली ती अशी. शाळेनं काही टक्के सूट घेऊन माल ठेवून घ्यायचा. सूट शेठ आणि पार्टीनं वाटून घ्यायची. आणि शेठ आपल्या वाट्याचा भाग पुढच्या शिलाईच्या दरातून वळता करणार. अक्का तिथंच बसल्या होत्या. ना त्यांनी कापड रंगवलं, ना निवडलं, ना त्याचा फोटो काढला. त्यांच्या घरापुढच्या खोलीत सहा-सात बाया मशीनवर बसतात. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पुढचा लॉट कधी देताय?" मी काही बोलले नाही. त्या टेबलावर माझं काम फोटोपुरतं होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. अजून सांगते, पण पटत नाही.

याच्याच आगेमागे एका मासिकाचा अंक आला. त्यात माझं आठ पानी काम छापून आलंय. पुण्याच्या एका डिझायनरनं सोलापुरी चादरीचे लांब कोट शिवले होते. जाड सुती कापड, जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर, विणलेले मोर, आणि उलट बाजूला तीच नक्षी रंग बदलून येते. ती बाजू त्यानं कॉलरला आणि बाहीच्या दुमडीला वापरली होती. डोकं चालवलेलं काम. आम्ही हिप्परग्याच्या तलावाकाठी पहाटे शूट केलं. चादरीचा कोट घालून मॉडेलचा जीव गेला, तरी तिनं तोंड वाकडं केलं नाही. मी फाइल पाठवल्या त्या जशाच्या तशा, लाल म्हणजे चादरीचा तो भडक, लग्नाच्या रुखवतातला लाल.

छापून आलं तेव्हा लाल तपकिरी-नारिंगी झालेला, आभाळ शेवाळी आणि तलाव धुरकट. मासिकाच्या कलाविभागानं 'मूड' आणला होता. दिसायला सुंदर, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं युनिफॉर्म काढले, त्याबद्दल कुणी फोन केला नाही. या आठ पानांवर मात्र पोस्ट, शेअर, "काय कलर आहेत यार" असा महापूर. मानधन विचाराल तर मॉडेलच्या गाडीभाड्यात आणि नाश्त्यात गेलं. माझं नाव पानाच्या घडीत, भिंगानं वाचावं एवढं.

नावाचा विषय निघालाच आहे म्हणून. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, वेगळा करार केला नसेल तर. माझ्या कोटेशनच्या तळाशी तो वेगळा करार दोन ओळींत असतो आणि कुणीही तो वाचत नाही. कलम ५७ प्रमाणे 'हे मी केलंय' म्हणण्याचा हक्क मात्र फोटोग्राफरकडंच राहतो. वांगी पिनाफोरच्या वेळी तो हक्क मला सगळ्यांनी आपणहून बहाल केला होता.

मासिक बाहेर पडल्यावर ज्यांच्या कारखान्यातल्या चादरी होत्या त्यांचा मला फोन आला. "अक्का, फोटो लई भारी. पण गिऱ्हाईक हाच रंग मागलालंय, आणि हा रंग आमच्याकडं नाहीच की हो." तक्रार नव्हती ती. हसत होते. दोन गिऱ्हाइकांना त्यांनी खरी लाल चादर पाठवली, त्यांनी ठेवून घेतली. एकानं फक्त विचारलं, की फोटोतली जुनी स्टॉकमधली होती का.

मी मास्तरांनाही तो अंक दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पान उन्हात धरलं, मग सावलीत. "हे रंगवता येईल," म्हणाले. "पण टिकणार नाही. दोन धुण्यात उतरेल."

दसरा झाल्यावर शेठचा फोन आला. यंदाच्या कॅटलॉगची तारीख ठरवायची होती. मी आधीच सांगितलं, की प्रत्येक लॉटचा तुकडा सँपलबरोबर गच्चीवर बघितल्याशिवाय कॅमेरा उचलणार नाही, आणि दोन तुकडे कोटेशनला टाचून तुमची सही घेणार. ते लगेच हो म्हणाले. इतक्या पटकन हो म्हटल्यावर पुढं काहीतरी येणार हे सोलापुरात राहून कळतं.

"फक्त एक करा ताई," ते म्हणाले. "त्या मासिकातल्यासारखा थोडा टोन टाका. पार्टीला लई आवडलाय."

मी अजून उत्तर दिलेलं नाही. तारीख गड्ड्याच्या आधीची पाहिजे म्हणतायत.