लीजनेलाचा रिपोर्ट एकदाच काढून काय कळतं?

आमच्याकडं दोन दिवसात ताप उतरला नाही की विडाल टेस्ट ठरलेली, म्हणजे रक्तात टायफॉइडची अँटीबॉडी (जंतूशी लढायला शरीर बनवतं ती) बघायची. मग तो तालुक्याचा दवाखाना असू द्या नाहीतर जालन्यातला मोठा, आणि त्यात थोडं जरी काही दिसलं की "टायफॉइड निघाला" म्हणून सगळे मोकळे. मी लॅबमध्ये काम करते, रोज बघते हे. अँटीबॉडीचा रिपोर्ट म्हणजे रोगाचा पुरावा अशी आपली पक्की समजूत होऊन बसलीये, आणि म्हणूनच या उन्हाळ्यात गल्लीतल्या काकांचा लीजनेलाचा, म्हणजे निमोनिया करणाऱ्या एका जंतूचा, रिपोर्ट व्हॉट्सअपवर आला तेव्हा माझी बरीच बोलाचाली झाली त्यांच्या पोरासोबत.

काका लोखंडाच्या मिलमध्ये कामाला, जालन्यात अशा मिल कमी नाहीत. शुगर आहे, बिडी सुटत नाही. एप्रिलच्या उन्हात थंडी वाजून ताप, खोकला, वरून जुलाब, आणि रात्री काहीबाही बडबडायला लागले. एक्सरेत निमोनियाचा पॅच, रक्तात सोडियम कमी. डॉक्टर हुशार, त्यांनी विचारलं काम कुठं करता, तर काका म्हणले कूलिंग टॉवरपाशी, म्हणजे मिलचं गरम पाणी थंड करतात तिथं. मग लगेच लघवीची आणि रक्ताची लीजनेलाची टेस्ट पुण्याला पाठवली, आणि रिपोर्टची वाट न बघता अझिथ्रोमायसिन चालू केलं. हे फार बरं केलं, कारण हा जंतू आपल्या पेशींच्या आत जाऊन राहतो, तिथं पेनिसिलिनच्या घरातली औषधं त्याला काही करू शकत नाहीत, अझिथ्रो किंवा लिव्होफ्लॉक्सासिनसारखं औषध लागतं.

रिपोर्ट आला. लघवीचा निगेटिव्ह. रक्तात अँटीबॉडी टायटर 1:256.

पोराचा फोन, "ताई, पप्पांना लीजनेला निघाला, आता घरातल्या सगळ्यांचं चेक करावं लागंल का?" मी म्हणलं अरे बाबा, एक तर हा माणसातून माणसात पसरत नाही. पाण्यातला जंतू आहे, कोमट पाण्यात, 25 ते 45 डिग्रीच्या आसपास त्याची चांगली वाढ होते, पाइपातल्या, टाकीतल्या बुळबुळीत थरात राहतो, आणि त्या पाण्याचे बारीक तुषार श्वासातून आत गेले तर फुफ्फुसात जातो. बाधा झाल्यापासून ताप यायला साधारण 2 ते 10 दिवस लागतात, कधी थोडे जास्त. आणि दुसरं, निघाला असं तुला कुणी सांगितलं? तर म्हणला रिपोर्टात पॉझिटिव्ह लिहिलंय की.

तोवर इकडं घरात गोंधळ सुरू. गच्चीवरची काळी टाकी उपसली, ती उपसणं चांगलंच, आपल्याकडं नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून साठवून साठवून टाक्या धुवायच्याच राहून जातात. पण कूलर पण भंगारात दिला! घरगुती कूलरच्या पॅडमधून मुख्यतः वाफ येते, थेंब फारसे उडत नाहीत, आतापर्यंतच्या मोठ्या साथींमध्ये संशय गेला तो कूलिंग टॉवर, गरम पाण्याची लाइन, शॉवर, कारंजी यांच्यावर. कूलरमधलं पाणी बदललं, टाकी घासली तरी भागलं असतं. पण ऐकतं कोण.

आता 1:256 म्हणजे काय ते सांगते, कारण हे रिपोर्टवाले कुणी सांगत नाहीत. रक्त फिरवून वरचं पिवळं सिरम घेतात, ते दर वेळी दुप्पट पातळ करत जातात, 16 पट, 32, 64, 128 असं. काचेच्या स्लाइडवर मेलेले लीजनेला जंतू चिकटवलेले असतात, त्यावर हे सिरम टाकायचं, धुवायचं, मग चमकणारा डाय लावलेली दुसरी अँटीबॉडी टाकायची, परत धुवायचं आणि अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसन्ट मायक्रोस्कोपखाली बघायचं. सिरममध्ये अँटीबॉडी असेल तर काळ्या पडद्यावर बारीक बारीक काड्या हिरव्यागार चमकतात. किती पातळ करेपर्यंत चमकतात तो आकडा म्हणजे टायटर. दिसतं फार सुंदर, पण चमक ओळखणं बघणाऱ्याच्या डोळ्यावर असतं, एक पायरी इकडं तिकडं होणं यात नवल नाही. अलीकडं बऱ्याच ठिकाणी एलायझानं करतात, तिथं मशीनच आकडा देतं.

पण मुद्दा असा की निरोगी माणसांमध्ये पण 1:256 निघू शकतं, अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं, असं साधारण 5 ते 10 टक्के लोकांमध्ये धरलंय. कधीतरी पूर्वी जंतूशी गाठ पडली असंल, कळलं पण नसंल. शिवाय दुसऱ्या काही जंतूंच्या अँटीबॉडी पण याला चिकटतात, स्यूडोमोनसच्या वगैरे. म्हणून एकट्या आकड्यावरून काही ठरत नाही, तो कितीही मोठा असो. जायकवाडीत आज 40 टक्के पाणी आहे एवढ्यावरून धरण भरायलंय का उतरायलंय हे सांगता येतं का? दोन तारखांचे आकडे लागतात. तसंच इथं, पहिलं सिरम तापाच्या पहिल्या आठवड्यात, दुसरं 3 ते 6 आठवड्यांनी, आणि टायटर चौपट वाढून 1:128 किंवा वर गेलं तर म्हणायचं की हो, हाच आजार होता. पहिलं सिरम डीप फ्रीजरमध्ये ठेवून दोन्ही एकाच दिवशी, एकाच बॅचमध्ये लावलं तर उत्तम, म्हणजे मघाशी सांगितला तो डोळ्याचा फरक राहत नाही.

हे साठवलेलं सिरम फार कामाचं असतं. 1976 च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांच्या अमेरिकन लीजनचं अधिवेशन होतं, तिथून जाऊन लोक निमोनियानं पडायला लागले, 34 जण गेले आणि कुणाला कारण सापडेना. डिसेंबर 1976 च्या शेवटी सीडीसीतल्या जोसेफ मॅकडेड यांना जंतू दिसला, पण तोच दोषी कशावरून? तर त्या जंतूवर आजाऱ्यांचं सिरम लावून बघितलं, जुळलं. मग सीडीसीच्या फ्रीजरमधले जुने नमुने काढले, 1965 मधल्या वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ मनोरुग्णालयातल्या साथीचे आणि 1968 च्या मिशिगनमधल्या पाँटिअॅकच्या तापाचे, त्यांच्यातही तीच अँटीबॉडी! म्हणजे नाव मिळायच्या आधीच हा जंतू फिरत होता. मागं वळून छडा लावायला या टेस्टचा हात धरणारं काही नाही, पण समोर पेशंट धापा टाकायलाय तेव्हा तिचा उपयोग नाही, कारण अँटीबॉडी वाढायलाच आठवडे लागतात. आणि साधारण चारात एकाची तर वाढतच नाही.

मग लघवीची टेस्ट? ती तासाभरात होते, पण मुख्यतः सेरोग्रुप 1 हा लीजनेलाचा एकच प्रकार पकडते. ती निगेटिव्ह आली म्हणून लीजनेला नाहीच असं नाही. थुंकीचं कल्चर (जंतू वाढवून बघणं) किंवा पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणं) केलं तर बाकीचे प्रकार पण सापडतात, पण कल्चरला कोळसा घातलेलं खास बीसीवायई नावाचं माध्यम लागतं, साध्या प्लेटवर हा जंतू उगवत नाही, म्हणून चिठ्ठीवर "लीजनेला कल्चर" असं स्पष्ट लिहावं लागतं.

काका तोवर घरी आले होते. महिनाभरानं मी दुसऱ्या नमुन्याला बोलावलं तर काकू दारातूनच, "आता बरे झाले की गं, परत रगत कामून काढायलीस?" सांगता सांगता नाकीनऊ आले. शेवटी काकाच म्हणले, घे बाई, कळू तरी दे.

दुसरा आकडा पण 1:256. पहिला नमुना तापाच्या सुरुवातीचाच होता, म्हणजे ती अँटीबॉडी जुनीच असायची शक्यता जास्त, या निमोनियाला लीजनेला म्हणायला पुरावा नाही. साफ नाकारता पण येत नाही, वर सांगितलं तसं काहींचं टायटर वाढतच नाही. पोरगा जरा नाराज झाला, मग नेमकं होतं काय? ते कळलं नाही. निमोनियाच्या बऱ्याच पेशंटमध्ये जंतू सापडतच नाही.

कूलर मात्र गेला तो गेलाच. भंगारवाला किलोनं घेऊन गेला आणि मे महिन्यात नवीन घ्यायला गेले तर भाव चढलेले.