झोपाळा काढण्याआधी

मैदानावर एखादं मूल पडलं, हात मोडला, की आठवड्याभरात तिथला झोपाळा निघतो. बैठकीत विरोध कोण करणार? काढणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही, ठेवणाऱ्याच्या मानेवर मात्र पुढच्या अपघाताची टांगती तलवार. कागदावर असे निर्णय सुरक्षिततेचे असतात. प्रत्यक्षात बरेचसे कातडीबचाऊ. आणि झोपाळा गेला म्हणून मूल काही घरी बसत नाही. ते कुंपणावर चढतं, नाहीतर घसरगुंडीच्या छतावर. कुंपणाखाली वाळू घातलेली नसते.

म्हणून जोखमीचा तक्ता करायला बसलात की पहिला रकाना फायद्याचा ठेवा. नेहमीचे तक्ते धोक्यापासून सुरू होतात, शेवटी शेरा येतो, आणि हे साधन मुळात कशासाठी बसवलं होतं हे कुठेच लिहिलेलं नसतं. 'मनोरंजन' एवढा एक शब्द खरडून भागत नाही. कोणत्या वयाची मुलं येतात, साधारण किती येतात, त्यांना इथे काय मिळतं आणि तेच जवळपास दुसरीकडे मिळतं का, हे लिहायचं. नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी मुलांच्या जोखमीच्या खेळाचे सहा प्रकार मांडले: उंची, वेग, धोकादायक हत्यारं, पाणी किंवा आगीसारख्या गोष्टींची जवळीक, दंगामस्ती, आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं. आपल्या मैदानात यातलं काय आहे ते मोजून बघा. पुष्कळ ठिकाणी उत्तर 'जेमतेम वेग' इतकंच येतं. तिथली दहा वर्षांची मुलं घसरगुंडी उलटी चढतात, कठड्यावर उभी राहतात. साधन कंटाळवाणं झालं की मुलं त्यातून नवा धोका शोधून काढतात.

यानंतर धोक्याचा रकाना. इथे मुलाला दिसणारा धोका आणि न दिसणारा धोका यांची आधी फारकत करायला हवी. उंच शिडी मुलाला दिसते. ते अंदाज घेतं, दोन पायऱ्या चढून उतरतं, उद्या तिसरी चढतं. हा धोका ठेवण्यासारखा असतो, कधी कधी मुद्दाम बांधण्यासारखाही. पण कठड्याच्या दोन गजांमधली फट मुलाला धोका म्हणून दिसतच नाही. पाय आधी घातले तर धड सहज पलीकडे जातं, डोकं अडकतं, आणि मूल मानेवर लोंबकळतं. मैदानावरच्या खेळसाधनांसाठीच्या युरोपच्या ईएन ११७६ या मानकात यासाठी मापं दिली आहेत. जमिनीपासून ६०० मि.मी.पेक्षा उंचावरची बंदिस्त फट ८९ मि.मी.पेक्षा अरुंद तरी हवी, नाहीतर २३० मि.मी.चा गोल आरपार जाईल इतकी मोठी. मधली मापं घातक. उंचावरच्या ८ ते २५ मि.मी.च्या भोकांत बोट अडकतं आणि अंगाचा भार खाली येतो. अशा ठिकाणी फायदा-तोट्याची चर्चा करत बसू नका, फट बुजवा. तिच्यापासून फायदा कुणालाच नाही.

याच वर्गातला, पण उलट्या बाजूने येणारा धोका म्हणजे सायकलचं हेल्मेट. खेळाच्या साधनांवर चढताना ते डोक्यावर राहिलं तर जिथून डोकं निसटलं असतं तिथे हेल्मेट अडकतं आणि पट्टा गळ्याला बसतो. दोरीचे टोप, ओढण्या, गळ्यातले पट्टे यांचंही तेच. फलक लावायचाच तर हे लिहिलेला लावा. 'आपल्या जबाबदारीवर खेळा' याने काही साधत नाही.

पडण्याच्या उंचीचा विचार खालच्या थराशी जोडूनच करायचा. मानकात पडण्याची कमाल उंची ३ मीटर आहे, पण खाली काय पसरलंय यावर सगळं अवलंबून. सुमारे १ मीटरपर्यंत चांगली राखलेली हिरवळ चालते. २ मीटरसाठी सुटी वाळू, बारीक गोटे किंवा लाकडाच्या सालीचा थर २०० मि.मी., ३ मीटरसाठी ३०० मि.मी., आणि दोन्हींत पायांनी उडून जातो म्हणून वर १०० मि.मी. जास्तीचा. गफलत होते ती या शेवटच्या १०० मध्ये. बसवताना थर बरोबर असतो; काही महिन्यांत झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या टोकाशी, नेमकं जिथे मूल आदळतं तिथे, खड्डा पडून तळाची कडक जमीन वर येते. लोखंडी पट्टी खुपसून माप घ्या, तेही कडेला न घेता खड्ड्याच्या मध्यभागी. वाळूत माती मिसळली असेल तर पावसानंतर ती वाळून दगडासारखी होते, मग थर कितीही जाड असला तरी फुकट.

रबरी फरश्यांवर फार भिस्त ठेवली जाते. त्यांची चाचणी डोक्याच्या आघातावर होते. एचआयसी, म्हणजे डोक्याला किती इजा होईल याचा निर्देशांक, १०००च्या आत असणं हा थर त्या उंचीला पास होण्याचा मुख्य निकष. मनगटाचं हाड या चाचणीत कुठेच नसतं. त्यामुळे महागडं रबर घालूनही हात मोडत राहतात आणि 'आता तर रबरही घातलं' म्हणून समिती आणखी चिडते. रबराने डोकं वाचवलं असेल, तर ते आपलं काम करतंय. भर उन्हात गडद रबर तापून तळपाय पोळतात, तेव्हा सावली कुठे पडते हे बसवण्याआधीच बघायला हवं.

झोपाळ्याची गोष्ट वेगळी. झोका घेणारा पडतो हे खरं, पण जास्त विचार करायला लावणारी दुखापत होते समोरून धावत आलेल्या लहान मुलाला, बसण्याच्या फळीची कड लागून. ज्याने धोका पत्करला त्याला होणारी इजा आणि ज्याच्या तो ध्यानीमनीही नव्हता त्याला होणारी इजा एका तागडीत तोलता येत नाहीत. अमेरिकी अभियंते चॉन्सी स्टार यांनी १९६९मध्ये अंदाज मांडला होता, की आपण होऊन घेतलेला धोका लोक लादलेल्या धोक्यापेक्षा सुमारे हजार पटीने सहन करतात. आकड्यावर पुढे वाद झाले, दिशा पटण्यासारखी आहे. तेव्हा झोपाळे मैदानाच्या कडेला, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, एका चौकटीत दोनच, फळी मऊ, आणि स्थिर असताना फळी व जमीन यांत किमान ३५० मि.मी. अंतर. एवढं केलं तर काढण्याचं कारण बहुतेक वेळा उरत नाही.

आता गुणाकाराबद्दल. शक्यता १ ते ५, तीव्रता १ ते ५, दोन्ही गुणून लाल-पिवळा-हिरवा रंग, ही पद्धत सगळीकडे आहे. तीव्रतेच्या जागी 'होऊ शकणारं सर्वांत वाईट' लिहिलं तर प्रत्येक साधनासमोर मृत्यू येतो, आणि तक्ता आपोआप लाल. तिथे सर्वांत संभवनीय दुखापत लिहा: खरचटणं, टेंगूळ, मनगट. गंभीर शक्यता खरोखर असेल तर तिची वेगळी ओळ करून शक्यताही वेगळी द्या. अपघातांच्या नोंदवहीतही असाच चकवा असतो. सर्वांत जास्त अपघात झोपाळ्यावर दिसले, तरी कदाचित सर्वांत जास्त मुलं तिथेच खेळत असतील. दोन-तीन संध्याकाळी उभं राहून किती मुलं कुठे खेळतात ते मोजल्याशिवाय नोंदवहीतले आकडे वापरू नयेत.

फायदा आणि धोका या दोन्ही बाजू एकाच मापात आणता आल्या तर कसं चित्र दिसतं, याचा चांगला नमुना खेळण्यातला नाही, सायकलचा आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांच्या, २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गाडीऐवजी सायकल घेणाऱ्यांचा हिशेब मांडला होता. व्यायामाने आयुष्यात ३ ते १४ महिन्यांची भर, धुरामुळे ०.८ ते ४० दिवसांची घट, अपघातांमुळे ५ ते ९ दिवसांची घट. अपघात तेवढे डोळ्यांत भरतात. न आलेला हृदयविकाराचा झटका कुठल्याच नोंदवहीत चढत नाही.

कायद्याची भीती असते, ती सगळीच अनाठायी नसते. पण ब्रिटनमधला तळ्याचा एक खटला लक्षात ठेवण्यासारखा आहे. एका तरुणाने उथळ पाण्यात सूर मारला आणि त्याची मान मोडली. तिथे मनाईचे फलक होते आणि लोक ते सर्रास धुडकावत होते. तळं सांभाळणाऱ्या स्थानिक परिषदेने किनाऱ्यावर झाडी लावून तो बंद करण्याचं ठरवलं होतं, काम झालं नव्हतं. २००३मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, त्या तरुणाच्या भरपाईच्या दाव्याविरुद्ध निकाल दिला. उघड दिसणारा धोका जाणूनबुजून घेणाऱ्या प्रौढासाठी बाकी सगळ्यांचा किनारा बंद करणं परिषदेवर बंधनकारक नाही, असा त्याचा रोख होता. अर्थात हे प्रौढांपुरतं आणि उघड धोक्यापुरतं. लहान मुलांना आणि पाण्याखालच्या न दिसणाऱ्या दगडाला तो तर्क लावू नये.

ठेवायचं ठरलं की देखभाल आली. वापर जास्त असेल तिथे रोज नजर टाकायची: काचा, तुटकी फळी, उघडे बोल्ट. एक ते तीन महिन्यांनी साखळीच्या कड्यांची झीज, सांध्यांचा ढिलेपणा, थराची जाडी. वर्षातून एकदा देखभाल न करणाऱ्या बाहेरच्या जाणकाराकडून पूर्ण तपासणी. लाकडी खांब कुजतात ते जमिनीच्या रेषेशी, वरून रंग छान दिसत असतो. तिथली माती थोडी उकरून स्क्रूड्रायव्हर टोचा. तो आत गेला तर ते साधन त्याच दिवशी बंद.

अपघात झालाच तर साधन दोरी लावून बंद करा, पण संध्याकाळच्या आत उखडू नका. फोटो, थराची जाडी, फटीचं माप, मूल कुठून कसं पडलं हे लिहून घ्या आणि मग जुना तक्ता काढा. थर कमी भरला, बोल्ट सैल निघाला तर दोष देखभालीचा, दुरुस्ती करा. सगळं मापात असेल आणि झालेली दुखापत तक्त्यात 'स्वीकारलेली' म्हणून आधीच लिहिलेली असेल, तर पालकांना तो तक्ताच दाखवा आणि झोपाळा पुन्हा सुरू करा.