आमची वाटचाल : आधी तपासणी, मग लस

कोंबड्यांच्या लसीचा कारखाना काढायचा म्हटल्यावर बहुतेकांनी यंत्रे आणि बाजारपेठ यांचीच चौकशी केली. आम्ही मात्र भांडवलाचा मोठा वाटा आधी तपासणीच्या प्रयोगशाळेत घातला, आणि पुणे जिल्ह्यातील आमच्या या छोट्या उद्योगाला त्याच निर्णयाने तारले, असे माझे ठाम मत आहे.

राणीखेत अर्थात मानमोडी हा रोग शिरला की लस न दिलेली शेड पाहता पाहता रिकामी होते. त्यावरील आमची पहिली लस ‘लासोटा’ या सौम्य विषाणूची. त्यासाठी विशिष्ट रोगजंतूंपासून मुक्त असलेल्या कळपातील अंडी नऊ-दहा दिवस उबवतात, अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर धरून जिवंत गर्भाची तेवढी निवडतात आणि कवचाला बारीक छिद्र पाडून विषाणू टोचतात. पहिल्या २४ तासांत मेलेला गर्भ टाकून द्यायचा असतो, कारण तो बहुधा इजेने किंवा जंतुसंसर्गाने गेलेला असतो. पुढे अंड्यातील द्रव गोळा करून, गोठवून निर्वात वाळवला की कुपीच्या तळाशी फिकट वडी उरते.

खरे काम इथून पुढे सुरू होते. निर्जंतुकतेच्या चाचणीलाच १४ दिवस लागतात; शिवाय मायकोप्लाझ्मा, साल्मोनेला हे जीवाणू आणि परके विषाणू नाहीत ना, हे पाहावे लागते, पिलांना दहापट मात्रा देऊन ती सुखरूप राहतात का हे तपासावे लागते, आणि लस दिलेल्या पक्ष्यांना जहाल विषाणू टोचून लसीचे बळ जोखावे लागते. मागणी कितीही असली तरी अहवाल पूर्ण होईपर्यंत बॅच शीतगृहातच राहते.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० हा प्राण्यांच्या लसींनाही लागू असल्याने आधी चाचणीपुरत्या उत्पादनाचा फॉर्म २९ आणि बऱ्याच पुढे विक्रीसाठीच्या उत्पादनाचा फॉर्म २८-डी असा आमचा परवान्यांचा प्रवास झाला. नमुने उत्तर प्रदेशातील इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत गेले. ही संस्था मूळची १८८९ मध्ये पुण्यातच सुरू झालेली, याचे आम्हा पुणेकरांना विशेष अप्रूप.

ही लस पक्ष्यांना पिण्याच्या पाण्यातून देतात. २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये जपलेली लस क्लोरीनच्या पाण्यात पडली, तर तिच्यातील जिवंत विषाणू मरतो आणि सारी मेहनत वाया जाते. म्हणून आमचे प्रतिनिधी शेडवर जाऊन क्लोरीनविरहित पाण्यात साय काढलेल्या दुधाची पावडर आधी कालवायला, पक्ष्यांना थोडा वेळ तहानलेले ठेवायला आणि मगच लस द्यायला शिकवतात.

परसात दहा-बारा कोंबड्या पाळणाऱ्या बाईला हजार मात्रांची कुपी परवडत नाही आणि उघडल्यावर ती टिकतही नाही. तिच्यासाठी कमी मात्रांची कुपी तयार करण्याचे काम सध्या चालू असून, नव्या भरणीच्या टिकाऊपणाच्या चाचण्या पूर्ण झाल्यावरच ती बाजारात येईल.