काल रात्री कशी होती थे?

आमच्या गावात गाडीचं बोनट एकट्यानं उघडता येत नाही. उघडायला एक माणूस पुरतो हो, पण दांडी अडकवून आपण वळतो तोवर मागं चार जण उभे असतात. पाचवा लांबून येताना दिसतो, दात घासत. दर्यापूर तालुक्यातलं गाव. ग्रामपंचायतीसमोरच्या कडुनिंबाखाली बसलं की आमचं अंगण पूर्ण दिसतं, हा माझ्या घराचा वास्तुदोष.

गाडी म्हणजे तिसऱ्या हाताची, तीन सिलिंडरची, छोटी. घेतली त्याच वर्षी, दहावीच्या पेपरला ड्युटी लागलेली. सकाळी किल्ली फिरवली तर इंजिनाऐवजी नुसतं टिकटिकटिकटिक. पाल चुकचुकावी तसं, पण घाईत. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि विझले.

बोनट उघडलं. गाव आलं.

ट्रॅक्टर चालवणारा पुतण्या म्हणाला, "काका, एअर धरली." डिझेलची टाकी तळाला गेली की नळीत हवा शिरते, मग फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंपानं ती काढावी लागते. हे त्याला झोपेतही जमतं. माझी गाडी पेट्रोलवर चालते हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मंग पेट्रोलची एअर धरली." मोटर वाइंडिंगचं दुकान असलेला चुलतभाऊ म्हणाला, "करंट येऊन नाई राह्यला." एसटीतून रिटायर झालेले शेजारचे आबाजी म्हणाले, "सेल्फ गेला." कापसाची दलाली करणाऱ्यांनी तर इंजिनाकडं पाहिलंही नाही. "सर, इकून टाका," म्हणाले.

गंमत अशी की यातला एकही जण मूर्ख नव्हता. जो तो आपापल्या धंद्यात जे बिघडताना पाहतो तेच माझ्या गाडीत पाहत होता. मी मास्तर, मला वाटत होतं गाडी मुद्दाम करते आहे, परीक्षेच्या दिवशीच.

आई ओट्यावर सुपात तूर घोळत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "काल रात्री कशी होती थे?"

आईची ही सवय जुनी. गावात कोणाचं लेकरू रडायला लागलं की आधी आमच्या घरी आणतात, मग डॉक्टरकडं नेतात. आई लेकराला हात लावायच्या आधी त्याच्या मायला विचारते: कवापासून रडते? दूध पेते का? पाय पोटाशी घेते का? उचललं की थांबते का? सात-आठ प्रश्न झाले की मग पोटावर हात. बोलता न येणाऱ्याचं दुखणं काढायची तिची रीत ही. गाडीलाही बोलता येत नाही, एवढाच तिचा हिशोब असावा.

काल रात्री? काल रात्री तर ठणठणीत होती. लग्नाहून साडेअकराला आलो. अंगणात लावली. आईचा चष्मा सीटखाली पडला होता म्हणून आतला दिवा लावला, आणि...

मी आत डोकं घातलं. छतावरच्या दिव्याचं बटण चालूवरच होतं. दिवा कधीचाच विझलेला.

"चष्मा पाहाले लाईट तूच लावला होता," मी म्हणालो.

"म्या लावला नोयता. तू लावला. म्या फक्त म्हटलं लाव," आई म्हणाली आणि सूप झटकलं.

पुढं शिकलो ते सांगतो. तो दिवा पाच वॅटचा. बारा व्होल्टच्या बॅटरीतून दहा तासांत साधारण चार अँपिअर-तास खातो. छोट्या गाडीची बॅटरी पस्तीसच्या आसपास अँपिअर-तासांची, म्हणजे धडधाकट असेल तर एका रात्रीच्या दिव्यानं तिचं काही बिघडू नये. माझी म्हातारी झालेली होती, आणि तिच्या दोन्ही टर्मिनलवर, म्हणजे तारा जोडायच्या खुंट्यांवर, हिरवट-पांढरी बुरशी चढलेली. मेकॅनिक लोक तिला "कार्बन आला" म्हणतात; त्यात कार्बन नसतो, बॅटरीतल्या आम्लाची वाफ धातूवर बसून झालेला तो क्षार. पण नाव काही का असेना, त्यातून करंट नीट जात नाही हे खरं. म्हणजे चुलतभाऊ अर्धा बरोबर होता. मी त्याला हे अजून सांगितलेलं नाही.

त्या दिवशी धक्का स्टार्ट. किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, मागं शाळेत निघालेले आठ पोट्टे आणि आबाजी नुसता हात लावून. वेग आला की क्लच एकदम सोडायचा. गाडीनं हिसका दिला, खोकली, चालू झाली. पोट्टे ज्या वेगानं ढकलत होते त्याच वेगानं मागं धावत राहिले, त्यांना थांबायचं कोणी सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी आईच्या भज्यांच्या सोड्याचा डबा घेतला. गरम पाण्यात दोन चमचे सोडा, जुना ब्रश. आधी निगेटिव्हची तार सोडायची. कारण पाना घसरून गाडीच्या पत्र्याला लागला तर पॉझिटिव्हवर ठिणग्यांची दिवाळी होते. निगेटिव्ह आधीच सुटलेली असली की काही होत नाही. जोडताना उलटं, निगेटिव्ह शेवटी. सोड्याचं पाणी टाकलं की बुरशी फसफसून जाते, फार समाधान होतं बघून. फक्त बॅटरीच्या झाकणांतून ते पाणी आत जाऊ द्यायचं नाही. वरून व्हॅसलीनचा हात. तालुक्याहून एक स्वस्तातलं मल्टिमीटरही आणलं. बंद गाडीला १२.६ व्होल्ट दाखवले तर बॅटरीचं पोट भरलेलं, १२ च्या खाली गेली तर उपाशी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या मधे काटा असला की अल्टरनेटर, म्हणजे चालू इंजिनावर बॅटरी भरणारं यंत्र, आपलं काम करतो. तेव्हापासून मी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मोटरसायकलींना मीटर लावून पाहत असे. बायकोनं बंद करायला लावलं.

सोड्याचा डबा मात्र तेव्हापासून गाडीतच राहिला. आई दर सणाला विचारते.

मेमधली गोष्ट वेगळी. सासऱ्यांना घेऊन अकोल्याला निघालो होतो. बाहेर ४५ अंश, गाडीला एसी नाही, खिडकीतून येणारी हवा भट्टीसमोर बसल्यासारखी. मूर्तिजापूरच्या अलीकडं रेल्वे फाटकाशी थांबलो आणि टेम्परेचरचा काटा चढायला लागला. फाटक उघडलं, गाडी साठच्या वेगाला लागली, काटा उतरला. पुढं एका बैलबंडीच्या मागं अडकलो, पुन्हा चढला.

आईचा प्रश्न आठवला. कधी वाढते? थांबल्यावर. कशानं उतरते? पळाल्यावर. पळताना समोरून वारा रेडिएटरवर येतो, थांबल्यावर तो वारा फॅननं द्यायचा असतो. म्हणजे फॅन फिरत नसणार. बोनट न उघडता रोग सापडला, याचा मला इतका आनंद झाला की मी हीटर लावला.

आनंदानं नव्हे. हीटर लावला की इंजिनाची थोडी उष्णता आतल्या छोट्या रेडिएटरमधून गाडीत येते, इंजिनाला तेवढाच उसासा मिळतो. सावली सापडेपर्यंत तेवढं पुरतं. सासऱ्यांनी टोपी काढली. उपरणं काढलं. मग फार शांत आवाजात म्हणाले, "जावईबापू, माझ्याकून काई चुकलं काय?"

बाभळीखाली थांबलो. शेजारच्या वावरातला शेतकरी बोअरच्या पाण्याची बादली घेऊन आला आणि थेट रेडिएटरच्या टोपीला हात घालू लागला. मी ओरडलोच. टोपी आतलं पाणी दाबून धरते, म्हणून ते शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. दाब सोडला की एका क्षणात उकळून तोंडावर येतं. कुकरची शिट्टी न काढता झाकण ओढल्यासारखं. चाळीस मिनिटं थांबलो.

पाणी टाकायलाही मी नाही म्हटलं, आणि तो दुखावला. आता याला कसं सांगावं? आम्ही दोघंही खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या खोऱ्यातलं हे जमिनीखालचं पाणी पिकाला चालत नाही, माणसाला पचत नाही. माझ्या आधीच्या मालकानं तेच वर्षानुवर्षं रेडिएटरात ओतलं होतं. गाडी घेतल्यावर पहिल्यांदा तो धुतला तर चुनखडीचे पापुद्रे निघाले होते. रेडिएटरात पाण्याऐवजी टाकायचा कूलंट महाग वाटतो, पण त्यात गंज आणि थर धरू न देणारं औषध असतं. अगदीच कोरडं पडलं तर खारं पाणी टाकून गाव गाठावं, इंजिन वितळण्यापेक्षा ते बरं, पण गाव गाठल्यावर धुवावं. मी त्याला म्हटलं, "दादा, पाणी प्यालेच द्या." त्यानं घरून आणलेल्या नळाच्या पाण्याची कॅन पुढं केली. तेही गरमच होतं.

फॅनचा फ्यूज गेला होता. पिवळा, म्हणजे वीस अँपिअरचा. या फ्यूजांचे रंग ठरलेले असतात: लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा, हिरवा तीसचा. शेतकरी म्हणाला, तार लावा, मी मोटरीले तेच करतो. त्यानं खिशातून तार काढलीसुद्धा. पण फ्यूजच्या जागी तार म्हणजे पहारेकऱ्याच्या जागी बुजगावणं. पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळते. वायपरचा फ्यूजही पिवळाच होता. मे महिन्यात वायपर कोणाला पाहिजे? लावणारच होतो, तेवढ्यात सासरे म्हणाले, "पण थो काहून गेला?" बरोबर. फ्यूज उगाच जात नाही. वाकून पाहिलं तर फॅनच्या आसाला कापसाच्या गाठोड्याची सुतळी आणि रुई गच्च गुंडाळलेली, पातं हातानंही हलेना. ती काढायला अर्धा तास लागला. सुतळी तशीच ठेवून फ्यूज लावला असता तर तोही गेला असता, आणि मग माझ्याकडं पिवळा उरला नसता. परतताना सासरे पुढच्या सीटवर बसले. तोपर्यंत मागं बसले होते.

दिवाळीनंतर घरात कापूस येतो आणि कापसासोबत उंदीर. एकदा गाडी चालू झाली, पण अशी थरथरू लागली की आरसा दिसेना. तीनपैकी एक सिलिंडर झोपलेलं. कोणतं ते शोधायला चुलतभाऊ आला. चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर, कोरडं रबर हातात धरून, क्षणभर काढायची. ज्या वायरीनं इंजिन आणखी लंगडतं ते सिलिंडर जागं. जी काढूनही काही फरक पडत नाही, तेच झोपलेलं. झटका जबर बसतो, मी ते करत नाही, तुम्हीही करू नका. इंजिन बंद करून वायरींवरून नुसती नजर फिरवली तरी पुष्कळदा सापडतं. मधली वायर उंदरानं कुरतडली होती, बाजूला रुईचं घरटंही होतं. "म्या म्हटलं होतं ना, करंट येऊन नाई राह्यला," चुलतभाऊ म्हणाला. दोन वर्षं तो हेच म्हणत होता, प्रत्येक वेळी. आज बरोबर निघालं.

बाकी बारीकसारीक आता घरीच होतं. थंडीत सकाळी किंचाळणारा आणि दहा मिनिटांनी गप्प होणारा पट्टा घट्ट करणं, जळालेले बल्ब. आवाज आला तर चालत्या गाडीत न्यूट्रल करून ऐकतो: इंजिन मंदावल्यावर आवाजही मंदावला तर तो इंजिनाचा, तसाच राहिला तर चाकाकडचा. ब्रेक आणि स्टिअरिंगला मी हात लावत नाही. तिथं चुकलं की विचारायला कोणी राहत नाही.

गेल्या महिन्यात एक पाहुण्यांची गाडी ऐन चौकात बंद पडली. नवी, पांढरी. ड्रायव्हर शहरातला, घामाघूम. बोनट उघडं, गाव हजर. पुतण्या म्हणाला एअर, आबाजी म्हणाले सेल्फ. मी गर्दीतून वाट काढत पुढं गेलो. एका हातात मीटर, काखेत सोड्याचा डबा, मागं बायको गरम पाण्याचं पातेलं घेऊन, कारण मी घाईत ओरडून सांगितलं होतं. "सरका," म्हणालो, "टर्मिनल असन."

मीटर लावलं. १२.६.

मी दुसऱ्यांदा लावलं. तेवढ्यात सायकलवरचं एक पोट्टं, एक पाय जमिनीला टेकवून, ड्रायव्हरला म्हणालं, "काका, पेट्रोल हाये काय याच्यात?"

ड्रायव्हरनं काट्याकडं पाहिलं. मग सगळ्यांनी पाहिलं. मी डबा पदराआड घ्यायला बायकोकडं वळलो, तर ती पातेलं घेऊन घरी निघालीही होती.