गाळणी बांधणारी पेशी

स्मरणिकेत शाळेच्या आठवणी बरेच जण लिहितील. किडनीच्या बायॉप्सी पाहणे हे माझे रोजचे काम. म्हणून नेफ्रॉनच्या, म्हणजे किडनीतल्या रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म एककाच्या, ज्या आकृतीला आपण सगळ्यांनी नावे दिली, तिच्यात न दिसणाऱ्या एका पेशीविषयी लिहितो.

बोमनचे संपुट, ग्लोमेरुलस (त्यातला केशवाहिन्यांचा गुच्छ), नलिका असे बाण दाखवले की गुण मिळतात. मधला गाळणीचा पडदा आयताच असतो असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पोडोसाइट नावाची पेशी तो गर्भात बांधायला घेते आणि जन्मभर सांभाळते.

गर्भाच्या किडनीत नेफ्रॉनचा अंकुर ‘एस’ अक्षरासारखा वळतो, तेव्हा भावी पोडोसाइट उभट आणि एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्या व्हीईजीएफ हे प्रथिन सोडतात आणि त्याच्या ओढीने रक्तवाहिनीच्या पेशी वळणाच्या खाचेत शिरतात. दोन्ही पेशी आपापल्या बाजूने पातळ थर घालतात, ते एकजीव होतात आणि बेसमेंट मेम्ब्रेन हा गाळणीचा मधला थर तयार होतो. मग माल बदलतो. कोलॅजन-4 या धाग्यासारख्या प्रथिनाचे सुरुवातीचे अल्फा-1 आणि अल्फा-2 धागे मागे पडतात, अल्फा-3, 4 आणि 5 यांची पक्की वीण येते. ही वीण घालते ती पोडोसाइटच. या धाग्यांच्या जनुकात दोष असेल तर कच्चा थरच राहतो आणि रक्ताच्या दाबाखाली वर्षानुवर्षे झिजतो. हाच अल्पोर्टचा आजार. त्यात लघवीतून रक्त जाते, आणि आतल्या कानातही तेच कोलॅजन असल्याने ऐकूही कमी येऊ लागते.

पूर्ण झालेल्या पडद्याचे थर तीन. आतून रक्तवाहिनीच्या पेशी, त्यांना 60 ते 100 नॅनोमीटरची भोके. मध्ये सुमारे 300 ते 350 नॅनोमीटर जाडीची बेसमेंट मेम्ब्रेन. बाहेरून पोडोसाइटची पावले, शेजारच्या पेशीच्या पावलांत दोन्ही हातांची बोटे गुंफावीत तशी गुंफलेली. पावलांमधल्या चिंचोळ्या फटीवर नेफ्रिन या प्रथिनाचा पूल असतो. नेफ्रिनचे जनुक 1998 मध्ये सापडले, तेही फिनलंडमध्ये जास्त आढळणाऱ्या जन्मजात नेफ्रॉटिक (लघवीतून खूप प्रथिन जाण्याच्या) आजाराचा शोध घेताना. त्या बाळांच्या लघवीतून जन्मापासूनच प्रथिन वाहते, कारण हा पूलच नसतो. निरोगी माणसात दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो, तरी लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातले मुख्य प्रथिन, 30 मिलिग्रॅमहून कमीच उतरते.

लहान मुलांत सर्वांत जास्त दिसणारा नेफ्रॉटिक आजार म्हणजे मिनिमल चेंज. सकाळी डोळे सुजतात, लघवीला फेस येतो. अशा बायॉप्सीत साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ग्लोमेरुलस अगदी निरोगी दिसतो. म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी ऊतकाचा जेमतेम एक मिलिमीटरचा तुकडा वेगळा काढून लगेच ग्लुटराल्डिहाइड या टिकवणाऱ्या द्रावणात टाकावा लागतो. तोही बाकीच्या तुकड्यांसारखा फॉर्मॅलिनमध्येच गेला तर बारीक रचना तितकी नीट टिकत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र सुटी पावले नाहीशी होऊन एकच सपाट पट्टा पसरलेला दिसतो. स्टेरॉइडने बहुतेक मुलांत पावले पुन्हा उभी राहतात, आणि हे दर वेळी पाहताना मला मनापासून आनंद होतो.

मधुमेहात आणि उच्च रक्तदाबात तसे होत नाही. तिथे पोडोसाइट सुटून लघवीत वाहून जातात आणि प्रौढ पोडोसाइट विभाजन करून नवी पेशी देत नाही. शेजारणी फुगून जागा झाकायला बघतात. फारच गेल्या तर बेसमेंट मेम्ब्रेन उघडी पडते, संपुटाच्या भिंतीला चिकटते आणि तिथे व्रण धरतो. रक्तातले क्रिअॅटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) वाढायच्या पुष्कळ आधी लघवीत अल्ब्युमिन येते ते यामुळेच. टाइप 2 मधुमेह कळला त्याच वर्षी, आणि पुढे दरवर्षी, सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन-क्रिअॅटिनिन गुणोत्तर तपासावे. क्रिअॅटिनिनच्या ग्रॅममागे अल्ब्युमिन 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त आले तर तीन महिन्यांत पुन्हा तपासावे. ताप, जोराचा व्यायाम, मासिक पाळी किंवा लघवीचा संसर्ग असताना आकडा उगाच वाढतो.

शाळेच्या प्रयोगशाळेत प्रथिनाची जी परीक्षा होते, तीच नेफ्रॉटिक मुलांच्या घरीही चालते. परीक्षानळी लघवीने दोन तृतीयांश भरावी, तळाशी धरून फक्त वरचा भाग तापवावा, म्हणजे खालच्या स्वच्छ भागाशी तुलना करता येते. गढूळपणा आला तर सौम्य अॅसिटिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकावेत. विरला तर फॉस्फेट, टिकला तर प्रथिन. लघवी आधीच गढूळ असेल तर गाळून घ्यावी. आम्ल जास्त पडले तर थोडे प्रथिन विरघळून जाते आणि परीक्षा फसते. घरी लघवीत बुडवायची तपासणीची पट्टी वापरली तरी चालते. रोज सकाळचा निकाल वहीत लिहावा. सलग तीन दिवस प्रथिन 3+ (म्हणजे भरपूर) आले तर आजार उलटला असे धरतात; सूज यायची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. आणि मूल बरे दिसते म्हणून स्टेरॉइड आपल्या मनाने कधीही बंद करू नये.