देशाच्या नावाचा रकाना

मी पुण्यात एका कॉलेजात फॉरेन स्टुडंट्सचं काम बघते, बोनाफाईड, फी, व्हिसाचे कागद असलं सगळं. २०२१ मध्ये १५ ऑगस्टला रविवारी काबूल तालिबानच्या हातात पडलं, सोमवारी पतेतीची सुट्टी होती आणि मंगळवारी सकाळी ऑफिस उघडलं तर दारात सात-आठ अफगाण पोरं-पोरी उभी, मास्क लावून, सगळ्यांचं लक्ष मोबाईलमध्ये, कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

त्यातली एक एमएची मुलगी. व्हिसा वाढवायला बोनाफाईड लागतं, त्याचा अर्ज भरत बसली होती. देशाच्या नावाच्या रकान्यापाशी पेन थांबला. म्हणाली, "मॅडम, क्या लिखूँ? रिपब्लिक तो परसों चला गया." तिच्या पासपोर्टवर इस्लामिक रिपब्लिक ऑफ अफगाणिस्तान छापलेलं होतं, मी म्हटलं जे छापलंय तेच लिही.

माझं मत आधीपासून पक्कं होतं, ठोकशाहीने लोकशाही येत नसते. २००१ ला अमेरिकेने हल्ला केला तो ९/११ झालं म्हणून, लोकशाहीची भाषा मागाहून आली, आणि आदल्याच रात्री बायडेन सांगून मोकळे झाले होते की तिथे केंद्रीय लोकशाही उभी करणं हे आमचं काम कधीच नव्हतं. मग २० वर्षं काय चाललं होतं? जवळपास २,४०० अमेरिकन सैनिक गेले, अफगाण सैनिक-पोलीस तर त्याच्या कितीतरी पट. हे सगळं डोक्यात होतं म्हणून मी बोलून गेले, अमेरिकेने तुमच्याकडे यायलाच नको होतं.

तिने पेन खाली ठेवला. म्हणाली, माझी मोठी बहीण तालिबानच्या काळात वाढली, तिला सही येत नाही, अजून अंगठा लावते, मी २००१ नंतर शाळेत गेले, अमेरिकन आले नसते तर मी इथे तुमच्यासमोर बसलेच नसते. मला काही सुचेना. मग तीच पुढे म्हणाली, पण २०२० ला अमेरिकेने दोहामध्ये तालिबानशी सैन्य काढून घ्यायचा करार केला तेव्हा आमच्या सरकारला बसवलं का शेजारी? येताना आम्हाला विचारलं नाही, जातानाही नाही.

मग तिने फोनमधला एक फोटो दाखवला, २०१४ च्या निवडणुकीचा, वडिलांचं शाई लावलेलं बोट आणि मागे त्यांचा हसरा चेहरा. आपण मतदान करून असा फोटो स्टेटसला टाकतो आणि विसरून जातो, पण त्याच निवडणुकीत हेरातकडे तालिबानने ११ म्हाताऱ्या माणसांची शाईची बोटं कापली होती. रविवारी रात्री वडिलांचा फोन आला, तो फोटो लगेच काढून टाक.

परक्या फौजेने लोकशाही आणू नये हे मला आजही तितकंच वाटतं, कारण यायचं कधी आणि निघायचं कधी हे तीच ठरवते, तिथली माणसं नाही. पण एकदा आलात, पोरींना शाळेत पाठवलंत, लोकांना बोटावर शाई लावायला सांगितलीत, तर त्यांना तसंच सोडून निघून जाणं हा त्यांच्यावर दुसरा अन्याय झाला, आणि हे मला त्या दिवसापर्यंत खरंच कळलं नव्हतं. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने मुलींना युनिव्हर्सिटीसुद्धा बंद केली तेव्हा तिचीच आठवण आली.

निघताना तिने विचारलं, मॅडम, हा फोटो तुमच्याकडे ठेवाल का? मी मेल आयडी दिला. फोटो आल्याचं बघितलं, मग तिने माझ्यासमोरच फोनमधून डिलीट केला आणि बोनाफाईड घेऊन गेली.