व्हिजिबिलिटीची वॉर्निंग नुसती बंद करू नका

लिनक्सवर एकदम स्वच्छ बिल्ड होणारा सी कोड मिनजीडब्ल्यू किंवा सिगविनवर (विंडोजवर जीसीसी वापरायची दोन साधनं) नेला की जीसीसी हा कंपायलर फंक्शनमागून फंक्शन तीच ओळ छापत सुटतो, व्हिजिबिलिटी अ‍ॅट्रिब्यूट (फंक्शन लायब्ररीबाहेर दिसावं की लपावं हे सांगणारी खूण) इथे सपोर्टेड नाही, इग्नोअर केलं. त्यात मेकफाइलमधे डब्ल्यू-एरर (प्रत्येक वॉर्निंगला एरर मानणारा फ्लॅग) असेल तर बिल्ड तिथेच अडकला. मग बरेच जण अ‍ॅट्रिब्यूट्सच्या वॉर्निंग्ज बंद करणारा डब्ल्यू-नो-अ‍ॅट्रिब्यूट्स टाकून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही, कारण त्या एका फ्लॅगने बाकी अ‍ॅट्रिब्यूट्सच्या खऱ्याखुऱ्या चुकाही दिसेनाशा होतात, आणि वॉर्निंग सांगतेय ते खरंच आहे ना, तुम्ही लपवायला सांगितलं आणि ते लपलं नाही!

मुळात सीच्या स्टँडर्डमधे लायब्ररीच्या बाहेर काय दिसावं याला जागाच नाहीये. स्टॅटिक म्हणजे त्या फाइलपुरतं, बाकी सगळं एक्स्टर्नल. आता आपलं आतलं फंक्शन आपल्याच चार फाइल्सना लागत असेल तर ते स्टॅटिक करता येत नाही, आणि लिनक्सवर ते थेट शेअर्ड लायब्ररीच्या बाहेर पडतं. समजा तुमच्या लायब्ररीत हॅश-इनिट नावाचं फंक्शन आहे, मेन प्रोग्रॅमनेही त्याच नावाचं फंक्शन एक्सपोर्ट केलंय, तर लायब्ररीच्या आतला कॉलसुद्धा प्रोग्रॅमच्या फंक्शनकडे जाऊ शकतो आणि लिंकर (बिल्डचे तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) चकार शब्द काढत नाही. 2005 मधे जीसीसी 4.0 ने एफ-व्हिजिबिलिटी हा फ्लॅग आणला तो याच्यासाठीच, हिडन दिलं की सगळं आत, आणि जे पब्लिक आहे त्यालाच डिफॉल्टचं अ‍ॅट्रिब्यूट लावायचं.

विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरचं बरोब्बर उलट, फंक्शनला डीएलएल-एक्सपोर्ट ही खूण लावल्याशिवाय किंवा लिंकरला एक्सपोर्टची यादी दिल्याशिवाय डीएलएलच्या, म्हणजे विंडोजच्या शेअर्ड लायब्ररीच्या, बाहेर काहीच जात नाही. मिनजीडब्ल्यूचा लिंकर मात्र एकालाही ते लावलं नसेल तर सगळंच एक्सपोर्ट करतो आणि एकाला लावलं की बाकीची आपोआप आत राहतात.

गडबड होते ती या खुणा लावणाऱ्या मॅक्रोमधे. जीसीसीची व्हर्जन 4 किंवा पुढची आहे का एवढंच तपासलं तर मिनजीडब्ल्यूवरही ते खरं ठरतं, कारण तोही जीसीसीच आहे. म्हणून आधी प्लॅटफॉर्म बघा आणि मग कंपायलर, आणि सिगविनचा मॅक्रो वेगळा तपासा कारण तिथे विंडोजचा मॅक्रो डिफाइन नसतो. लायब्ररी बिल्ड करताना एक्सपोर्ट, वापरताना इम्पोर्ट, लायब्ररी स्टॅटिक असेल तर रिकामं, हे सगळं एकाच हेडरमधे ठेवा. मॅकवर हिडन नीट चालतं, प्रोटेक्टेड (फंक्शन बाहेर दिसतं, पण आतले कॉल आतच राहतात) चालत नाही, त्यामुळे पोर्टेबल कोडमधे प्रोटेक्टेडच्या नादी लागूच नका.

आणि लिनक्सवर हिडन चालू केल्यावर पब्लिक फंक्शनला मॅक्रो लावायचा राहिला तर ते वापरणारा प्रोग्रॅम लिंक करतानाच एरर येते, हा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा, विंडोजवर जाऊन कळायची वाट बघावी लागत नाही. फक्त तुमच्या टेस्ट्स आतली फंक्शन्स थेट बोलवत असतील तर त्याही फुटतील, त्या स्टॅटिक लायब्ररीशी लिंक करा.